राजाची उंची

"किती भरलं, मॅडम?" फौजदार चौगुल्यांनी पुन्हा विचारलं.

"जरा थांबा हो. भाजी तोलत नाहीये मी."

मांडीचं हाड लाकडी फळीवर आडवं होतं. त्याचं एक टोक फळीच्या उभ्या बाजूला टेकवायचं, दुसऱ्या टोकाला सरकती पट्टी हलकेच आणून लावायची, आणि मग वाकून आकडा वाचायचा. एवढंच काम, पण घाईनं केलं तर हाड तिरकं बसतं आणि माणूस उगाच इंचभर ठेंगणा होतो. मी ते पुन्हा मोजलं. मग नडगीचं हाड घेतलं, मग दंडाचं. जांभ्या चिऱ्याची तांबडी माती हाडांत इतकी मुरली होती की माझी बोटंही तशीच रंगली.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातली ती मागची खोली. माघ महिना होता. खिडकीबाहेर आंबा आणि काजू दोन्ही मोहरले होते आणि त्या वासानं सगळी दुपार सुस्तावली होती. दवाखान्याचं कुत्रं पायरीवर झोपलं होतं. मी आदल्या दिवशी घाट उतरून आले होते. बसच्या वळणांनी डोकं जे हलकं झालं होतं ते अजून जागेवर आलं नव्हतं. त्यामुळे असेल, किंवा पुढे जे घडलं त्यामुळे असेल, पण तो दिवस मला आजही झोपेत पाहिल्यासारखा आठवतो. माणसं स्पष्ट दिसतात, त्यांचे आवाज ऐकू येतात, पण सगळं जरा पाण्याखाली असावं तसं.

मी तेव्हा घाटावरच्या एका मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवत होते. हाडांवरून माणूस ओळखायचं काम कुठे निघालं की मला बोलावणं यायचं. या वेळी सड्यावरच्या, म्हणजे डोंगरावरच्या कातळपठारावरच्या, एका बंद पडलेल्या चिरेखाणीत पुन्हा काम सुरू झालं होतं. खाणीच्या तळाशी साचलेला गाळ उपसताना ही हाडं वर आली. कवटीचा यंत्राखाली चुरा झाला होता, कपडे तर कधीच कुजून गेले होते. उरलं होतं ते माझ्यासमोर टेबलावर होतं.

"पुरुष आहे," मी म्हणाले. "तिशीतला, फार तर चाळिशीला टेकलेला. उंची पाच फूट तीन इंच. इकडे तिकडे इंच-दीड इंच धरा."

"एवढ्याशा हाडावरनं?"

"मांडीचं हाड माणसाच्या चौथ्या हिश्शाहून थोडं जास्त असतं. हिशेब असतो त्याला. तुमच्या मांडीचं हाड काढून दिलंत तर तुमचीही सांगीन."

"माझी न्हाई काढायची गरज. पाच सात. भरतीत मोजल्याली हाय."

मी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मला माणसं आधी लांबीत दिसतात, नाकाडोळ्यांत नंतर. "भरतीनंतर दोन इंच झिजलात मग," मी म्हणाले.

चौगुले मोठ्यांदा हसले. स्वभावानं मोकळा माणूस. कोल्हापूरकडचा, कोकणात बदली होऊन आलेला, मासे आवडायचे पण काट्यांना भ्यायचा. हसून झाल्यावर त्यांनी टोपी काढून टेबलाच्या कडेला ठेवली आणि सुस्कारा सोडला.

"मग ह्यो आमचा राजा नव्हं."

"कोण राजा?"

तेव्हा त्यांनी मला विश्राम धुरीची हकिकत सांगितली. धुरी दशावतारात राजाचं काम करायचा. तुळशीची लग्नं आटोपली की गावोगावच्या जत्रा सुरू होतात, आणि देवळापुढच्या अंगणात ही मंडळी रात्रभर देवादिकांची नाटकं करतात. विश्राम धुरीचा राजा बघायला लोक तीन-तीन गावं ओलांडून यायचे म्हणे. दहा-अकरा वर्षांपूर्वी हंगामातल्या पहिल्याच जत्रेनंतर तो नाहीसा झाला. पेडण्याची कुणी बाई त्याचं प्रत्येक नाटक बघायला येई, पुढे बसे, त्याच्यासाठी खोबऱ्याच्या वड्या आणी. तेव्हा सगळ्यांनी ठरवूनच टाकलं की राजा तिच्यामागे गोव्याला गेला. कुणी विहिरी पाहिल्या नाहीत, कुणी खाणी पाहिल्या नाहीत.

"ह्या भागातला त्या वयाचा बेपत्ता झाल्याला गडी त्यो एकच," चौगुले म्हणाले. "पर त्याच्या नाटक कंपनीच्या मालकांनी दिल्याल्या तक्रारीत उंची सहा फूट. म्हणून तुमची वाट बघत होतो. बायको हाय त्याची. तिला आन् त्या मालकांना बोलावलंय. बाहेर बसल्यात."

"त्यांना माझा आकडा सांगितलात?"

"अजून न्हाई."

"मग सांगूही नका. मी विचारेपर्यंत तोंड बंद."

हा माझा नेम होता. आपलं उत्तर नातेवाइकांना आधी कळलं, की त्यांची आठवण त्या उत्तराला जाऊन चिकटते. मग ती सोडवता येत नाही.

मी हाडांवर पांढरी चादर ओढली आणि मंडळी आत आली. पुढे तातू मालक. सत्तरीचे, धोतर, काळी टोपी, गळ्यात तुळशीची माळ. त्यांच्या मागे कंपनीचा पखवाजवाला बाबी. आणि शेवटी, दारातून वाकून, सत्यवती धुरी.

वाकायची तिला गरज होती म्हणून ती वाकली. दार जुन्या घडणीचं होतं, मीही सकाळी तिथे कपाळ आपटून घेतलं होतं. पण आत आल्यावरही ती पूर्ण सरळ झाली नाही. खांदे पुढे, मान खाली, भिंतीशी बाक होता त्यावर लगेच बसली. कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. मला ते बसणं ओळखीचं वाटलं. मी पाच फूट आठ इंच. मला बघायला मुलं यायची तेव्हा माझी आई मला आधीच सतरंजीवर बसवून ठेवायची आणि चहाचा ट्रे मावशीकडून आणवायची. चार-पाच स्थळं अशी बसूनच पार पडली. मग एकदा निरोप द्यायला उठले आणि मुलाचे वडील म्हणाले, "अरे बापरे."

"मालक," मी म्हणाले, "विश्राम धुरी किती उंच होते ते मला हातानं दाखवा. फुटाइंचांत नको."

तातू मालक उभे राहिले. उजवा हात वर केला, डोक्याच्या वर नेला, आणि तेवढ्यानं समाधान झालं नाही म्हणून टाचा उचलल्या. "हय!" ते म्हणाले. "आमचो राजा म्हणजे राजा होतो, बाई. मुकुट घालून देवळातसून भायर इलो की देवळाची चौकट ठेंगणी वाटा. समोरचो राक्षस थरथरा, ता काय नाटक नाय होता. खराच थरथरा."

"मुकुट काढल्यावर?"

"मुकुट काढल्यार काय माणूस कमी होता?"

बाबीनंही हात वर केला. मालकांच्या हाताच्या बोटभर खाली. मालकांनी त्याच्याकडे पाहिलं तसा तो बोटभर वर गेला.

"आणि तुम्ही, वहिनी?"

सत्यवतीनं मान उचलली. तिचे डोळे आधी चादरीकडे गेले, चादरीवरून मालकांकडे. तिथे बराच वेळ थांबले.

"उंच होते," ती म्हणाली. "मालक सांगतत ताच खरा."

मी चौगुल्यांकडे पाहून मान हलवली. "जुळत नाही."

का जुळत नाही, किती फरकानं, ते मी सांगितलं नाही. तातू मालकांनी मोठा श्वास सोडला. आणि हसले, अगदी पोटातून, सुटका झालेला माणूस हसतो तसे. "मिया सांगी नव्हतंय? तो गोंयात आसा. सुखी आसा. खंयच्यातरी देवळात आजून राजाचा काम करीत असतलो." बाबी लगेच हो हो म्हणाला. आपला राजा गाळात सापडावा यापेक्षा तो परक्या बाईबरोबर पळालेला बरा, असं त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर सरळ लिहिलेलं होतं. मला रागही आला आणि कीवही आली.

सत्यवती मात्र हसली नाही. पदराच्या टोकाला गाठ मारत राहिली. तिच्याकडे बघून मला कळलं की आत्ता या खोलीत तिचं काहीतरी गेलं.

चौगुल्यांनी मालकांसाठी तिथेच चहा मागवला. अनोळखी म्हणून कागद करायचे आणि संध्याकाळपर्यंत हाडं पुरून टाकायची असं ठरलं. मी हात धुवायला मागच्या अंगणात आले. पाणी कितीही ओतलं तरी तांबडेपणा जाईना. आंब्याखाली दगडावर सत्यवती बसली होती. मोहराची बारीक फुलं गळून तिच्या खांद्यावर पडत होती, ती झटकत नव्हती. ऊन पानांतून असं हलत होतं की तिचा चेहरा मधूनच दिसेनासा व्हायचा.

"तुमी बऱ्याच उंच आसात, बाई," ती आपणहून म्हणाली.

"तुमच्याएवढीच असेन."

"पण तुमी वाकणास नाय."

"आईनं खूप प्रयत्न केला."

ती जराशी हसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तो भितर आसा तो कितको आसा? उंच काय ठेंगणो?"

"ते मी आधी नाही सांगणार. तुम्ही सांगा तुमचे यजमान कसे होते. मग मी सांगते."

"मिया सांगितलंय मां भितर."

"मालकांकडे बघून सांगितलंत."

मी तिच्या शेजारच्या दगडावर बसले. कॉलेजात असते तर मी घड्याळ पाहिलं असतं. पण त्या अंगणात वेळ कुठेतरी बाजूला जाऊन झोपला होता. बसून राहायला काहीच हरकत वाटेना.

"माका हळदीकुंकवाक बोलयत नाय," ती म्हणाली. "कुंकू आसा म्हणान नको म्हणूक जमणा नाय, आणि घोव टाकून गेलो म्हणान हो म्हणूक जमणा नाय. आज हय येवक निगालंय तेवा शेजारीण म्हणाली, देव करून तो नसांदे. मिया मनात म्हटलंय, देवा, तोच असांदे." तिनं माझ्याकडे पाहिलं. "पापी आसय मी, बाई?"

"नाही."

"तो मेलो तर तो माझो रवता. जितो आसा तर तिचो."

मी ओले तांबडे हात रुमालाला पुसले. मग म्हणाले, "तर मग खरं सांगा. तेवढंच मला उपयोगाचं आहे. दुसरं काही मला करता येत नाही."

तिनं अंगणाच्या दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं. तेव्हा ती बोलायला लागली, हळू आवाजात, आणि मधूनच तिला हसू यायला लागलं.

"लग्नात त्येका दोन पाटांवर उबो केलो. एकावर एक. माका पाटच नाय, उगडी भुय. तरी पुरा ना, तेवा मामान मागसून माझी मान दाबून धरल्यान. अंतरपाट धुळीयेक लागा इतको खाली. कोणी म्हणाला, नवरी बसली की काय? माका हसाक येय आणि मामा मान दाबी."

मीही हसले. बसूनच पार पडलेली ती स्थळं मला आठवली आणि मी आणखी हसले.

"मगे माका सांगल्यान, सत्यवती, लोकांसमोर माझ्या बाजूक कदी उबी रवा नको. राजा ठेंगणो आसा ता कोणाक कळाक नको. मिया म्हटलंय, बरा. वचन दिलंय. जत्रेक गेलंय की मी बसंय. वाटेर तो म्होरां आणि मी बरीच मागे. एकदासुदा उबी रवलंय नाय. मालकांका विचारा, ते सांगतले, विश्रामाची बायल बसकी आसा."

"पण कंपनीतल्या लोकांना दिसत असेलच की."

"दिसा. पण त्येंका कोण दिसा? राजा दिसा. आता इतक्या वर्सांनी तर तो आजून वाढलो." तिनं पदर डोळ्यांना लावला. "बाकीचे सगळे नाटक संपला की देवळातच रंग पुसून चाय पियत. ह्यो रंग घेवन घराक येय. देवळात रंग उतारलो तर राजा उतारात, म्हणा. परसात उबो रवा आणि मी खोबरेल लावन पुसंय. थयच तेवडी मी त्येच्या म्होऱ्यात उबी रवंय."

मी सरळ बसले. अंगातली सगळी सुस्ती गेली.

"वहिनी, उठा. चपला काढा. आणि डोळे मिटा."

"कित्याक?"

"त्यांचा रंग पुसा."

तिला आधी कळलं नाही. मग कळलं. ती उठली, चपला काढल्या, आणि त्या तांबड्या मातीवर हळूहळू सरळ होत गेली. खांदे मागे गेले, मान वर आली. मी पहिल्यांदाच तिची पूर्ण उंची पाहिली. ती माझ्याएवढीच होती. तिनं डोळे मिटले आणि दोन्ही हात वर उचलले, समोर कुणी उभं असावं तसे. उजव्या हातानं पदराचं टोक धरलं आणि हवेतलं एक कपाळ पुसलं. मग गाल. मग कानाची मागची बाजू, तिथे रंग साठत असावा, कारण तिथे ती जास्त वेळ रेंगाळली.

"हल नको," ती डोळे मिटूनच पुटपुटली.

तिचा डावा हात हवेत पसरलेला होता, तळवा खाली, बोटं जराशी वळलेली. डोकं हलू नये म्हणून लहान मुलाच्या माथ्यावर ठेवतात तसा. वाऱ्यानं मोहर गळत होता. मी टेप काढला आणि मातीपासून त्या तळव्यापर्यंत नेला. तळव्याखाली काहीही नव्हतं, तरी मला तिथे टेप टेकवताना त्याला लागेल अशी भीती वाटली.

पाच फूट तीन इंच. त्याच्या वर अर्धं बोट, कदाचित केसांचं.

"उघडा डोळे," मी म्हणाले.

तिनं उघडले. माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला विचारावं लागलं नाही. ती पुन्हा दगडावर बसली. रडली नाही. फक्त हातांकडे बघत राहिली.

"आत चला," मी म्हणाले. "हे चौगुल्यांसमोर सांगावं लागेल. मालकही असतील."

"मालकांसमोर?" ती दचकली. "नको. नको, बाई. तुमीच सांगा."

"मी फक्त हाडांचं सांगू शकते. माणसाचं तुम्हालाच सांगावं लागेल. मालकांनी सहा फूट लिहून दिलंय. ते खोटं आहे असं घरच्या माणसानं म्हटल्याशिवाय हा मृतदेह धुरींचा म्हणून नोंदवता येणार नाही."

"तेना माझ्याकडसून वचन घेतल्यान. मेल्यार मोडू? आता तर त्येका माझ्याशी भांडाकसुदा जमाचा नाय."

मी तिला समजावलं नाही. काय म्हणून समजावणार? त्या माणसाजवळ दुसरं काही नव्हतंच, लोकांच्या डोळ्यांतली ती उंची तेवढी होती. आणि तिनं ती वर्षानुवर्षं वाकून सांभाळली होती. आत चौगुले मालकांना कसला तरी किस्सा सांगत होते, त्यांचं हसणं ऐकू येत होतं.

मग तिनं विचारलं, "गावलो खंय? हवालदारान नुसता सड्यार म्हणान सांगितल्यान."

मला काल चौगुल्यांनी जागा दाखवली होती. मी आठवून आठवून सांगितलं. सड्याच्या टोकाला, जिथून खाली माडांचे शेंडे दिसतात. कडेला एकच वाकडं जांभळाचं झाड. शेजारून एक सुकलेला व्हाळ, म्हणजे ओढा, जातो आणि व्हाळाच्या काठानं बारीकशी पायवाट उतरते.

"धनगरवाट?" तिनं विचारलं. आवाज एकदम बदलला. "जांभळ वाटेच्या ह्या बाजूक काय त्या?"

"उतरताना डाव्या हाताला."

ती उठली. चपला तिथेच राहिल्या. अनवाणी आत निघाली आणि मी मागून. दाराशी तिनं मान वाकवली, आत गेल्यावर वर काढली, आणि या वेळी बाकाकडे गेली नाही.

तातू मालकांच्या हातात चहाची बशी होती. तिला तशी उभी पाहून ती बशी तोंडाशी जायची थांबली. त्यांना तिच्याकडे मान वर करून बघावं लागत होतं.

"मालकानूं, माझा आयका," ती म्हणाली. "राजा सा फुटी होतो. तुमी सांगतास ताच खरा. पण माझो घोव ठेंगणो होतो. त्येचो माथो माझ्या नाकाक लागा."

बाबीनं खिडकीबाहेर तोंड फिरवलं. चौगुले सावरून बसले.

"गप!" मालक ओरडले. बशी टेबलावर आपटली, चहा चादरीवर सांडला. "काय बोलतंस ता कळता काय तुका? इतकी वर्सां त्येच्या नावार गावोगाव लोक आजून... आणि तू त्येची बायल! मेल्या माणसाची अशी इज्जत..."

ते मध्येच थांबले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी विश्रामला मेलेला म्हटलं होतं. ते त्यांनाही कळलं.

"मॅडम?" चौगुल्यांनी मला विचारलं.

"जुळतंय," मी म्हणाले. "पाच फूट तीन इंच. वहिनींनी माझा आकडा ऐकायच्या आधी दाखवलं. मी स्वतः मोजलं."

"एका मापावरसून?" मालकांचा आवाज आता चिरकला होता. "ठेंगणे पुरुष काय मुलखात एकच होते? हो दुसरो कोणतरी असात. विश्राम गोंयाक गेलो. सगळ्यांका म्हायत आसा."

"गोंयाची वाट खंयच्या बाजूक, मालकानूं?" सत्यवतीनं विचारलं. ती ओरडत नव्हती. फार मायेनं विचारत होती, आजारी माणसाला विचारावं तसं. "तुमी सगळो मुलूख पायांनी चल्लात. माका सांगा. गोंयाची वाट खंयच्या बाजूक, आणि धनगरवाटेची खाण खंयच्या बाजूक?"

मालकांनी चौगुल्यांकडे पाहिलं. "धनगरवाटेची खाण?"

"व्हय. जांभळाजवळची," चौगुले म्हणाले. "तुम्हाला सांगितलं न्हवतं?"

म्हातारा बाकावर बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली. त्याच्या डोळ्यांसमोर ती वाट उलगडत असणार. जत्रेचं देऊळ, पहाटेचा सडा, पावसाच्या पाण्यानं काठोकाठ भरलेली खाण, आणि तोंडाला रंग लावलेला एक बुटका माणूस भरभर चाललेला.

"त्या वाटेर म्होरां कोणाचा घर आसा?" सत्यवतीनं विचारलं.

मालकांनी मांडीवरची टोपी हातात फिरवली.

"सांगा मालकानूं."

"तुजा," ते म्हणाले.

"आणि दुसऱ्या कोणाचा?"

"दुसऱ्या कोणाचा नाय." मालकांच्या डोळ्यांतून पाणी ओघळून पांढऱ्या मिशीत गेलं. ते त्यांनी पुसलं नाही. "ती वाट तुज्या परसातच संपता."

सत्यवतीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तेव्हा ती रडली. मोठ्यानं, ताठ उभी राहून. असं रडणं मी नंतर पुष्कळ पाहिलं, पण त्यात सुखाचा एवढा मोठा वाटा असलेलं पुन्हा पाहिलं नाही. बाबीही रडत होता. मी रडले की नाही ते मला आठवत नाही. रडले असेन.

बऱ्याच वेळानं तिनं तोंड पुसलं आणि चौगुल्यांकडे वळली.

"लिवा, साहेब. नाव विश्राम धुरी. उंची पाच फूट तीन इंच." आणि मग म्हणाली, "घराक येय होतो."

चौगुल्यांचं पेन थांबलं. "वहिनी, ते शेवटचं हितं कुठं बसत न्हाई."

"बसवा," ती म्हणाली.

चौगुल्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा खाली पाहिलं, आणि जागा करून लिहिलं.